दोन उजेडांतला माणूस

मराठीत छायाचित्रांवर जे लिहिले जाते, त्यात छायाचित्राचा विषय असतो. प्रकाश क्वचित असतो. छायाचित्रे वारीची असली तर लेख वारीवर होतो, दुष्काळाची असली तर दुष्काळावर. कादंबरीबद्दल लिहिताना निवेदक कोण, भाषा कोणाची, हे आपण विचारतो. छायाचित्राबद्दल लिहिताना मात्र उजेड कुठून आला, कोणी आणला, किती आणला, हे विचारत नाही. जणू तो आकाशातून पडला आणि कॅमेऱ्याने टिपून घेतला.

या लेखात मी हा प्रश्न एकाच प्रकाराला विचारणार आहे: भर दिवसा, उघड्यावर, कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवलेला फ्लॅश वापरून काढलेले माणसाचे पोर्ट्रेट. धंद्यातले लोक याला 'ऑफ कॅमेरा फ्लॅश' म्हणतात. मी इथे सोयीसाठी 'सुटा फ्लॅश' म्हणेन. विषय कारागिरीचा वाटेल, आणि कारागिरी त्यात आहेही. पण माझे म्हणणे असे, की माणूस आणि त्याची जागा यांचे नाते चित्रात किती ठेवायचे आणि किती तोडायचे, हा निर्णय या तंत्रात छायाचित्रकाराच्या हाती अक्षरशः अंकांच्या रूपात येतो. निर्णय आला की जबाबदारी आली, आणि जबाबदारी आली की समीक्षा आली.

१

सुरुवात उन्हापासून करावी लागते. पारशिवनी साधारण २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली जाते. त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा उन्हात माणसाच्या चेहऱ्याचे काय होते ते पाहावे. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत भरते, नाकाची सावली ओठांवर उतरते. डोक्यावर दुपट्टा असेल, आणि उन्हात काम करणाऱ्याच्या डोक्यावर तो असतोच, तर अख्खा चेहरा सावलीत जातो. समोर उभ्या असलेल्या आपल्याला तो चेहरा दिसतो, कारण डोळा उजेड-अंधाराशी क्षणोक्षणी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच माप लावता येते. आकाशाचे माप लावले तर चेहरा काळवंडतो, चेहऱ्याचे लावले तर आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे होते.

यावरचे जुने उपाय तीन. माणसाला लिंबाखाली न्यावे. सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हाची वाट पाहावी. नाहीतर सरळ स्टुडिओत बसवावे. तिन्ही उपाय चांगले आहेत, पण तिन्हींत माणूस त्याच्या कामाच्या वेळेतून किंवा जागेतून उठवला जातो. छायाचित्रणाच्या शिकवणीत 'सोनेरी प्रहरा'चे फार कौतुक असते. पण धानाची रोवणी करणारी बाई त्या प्रहरी बांधीत नसते. सकाळी ती चुलीपुढे असते आणि संध्याकाळी घराच्या वाटेवर. तिचा दिवस म्हणजे दुपार. दुपार हा पोर्ट्रेटसाठी वाईट वेळ, असे एकदा ठरले की कष्टकऱ्याचा दिवसच पोर्ट्रेटमधून वगळला जातो. मग दुपारी काढलेल्या चित्रांत तो दिसतो तो काळ्या आकृतीच्या रूपात: डोक्यावर भारा, मागे झगझगीत आभाळ, चेहरा नाही. अशी चित्रे प्रदर्शनांत 'काव्यात्म' म्हणून वाखाणली जातात. त्या काव्यातला काही भाग तरी चेहऱ्यावर उजेड टाकायची सोय नव्हती म्हणून जन्मला आहे.

एक चौथा उपायही होता: ऊन परतवण्याचा. दादासाहेब फाळक्यांच्या काळात चित्रपट उन्हातच काढावे लागत, आणि चंदेरी कागद लावलेल्या फळीने ऊन पात्राच्या तोंडावर फेकण्याची युक्ती पुढे चित्रपटाच्या युनिटांनी घरचीच करून टाकली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम दिवे आणले. म्हणजे निसर्गाच्या उजेडात आपला उजेड मिसळणे ही बाहेरून आलेली अलीकडची फॅशन नाही. सुटा फ्लॅश त्या चंदेरी फळीचाच नातू आहे. फरक एवढाच, की फळीला सूर्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. फ्लॅशला लागत नाही.

२

फ्लॅशचा जन्म अंधारासाठी झाला. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची चटकन पेटणारी पूड निघाली. पुढच्याच काही वर्षांत जेकब रीस याने ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या खोल्यांत पेटवली. त्या चित्रांनी घरांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले हे खरे, पण त्यांतल्या काही चेहऱ्यांवर झोपेतून दचकून उठल्याचा भावही आहे. १९३०च्या सुमारास काचेचे फ्लॅश बल्ब आले आणि त्याच दशकात एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टनने विजेचा फ्लॅश विकसित केला. भर उन्हात फ्लॅश वापरणे ही त्याच्या आयुष्यातली दुसरी कामगिरी.

तिची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचे मुद्दे कळणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या सहस्रांशाएवढा किंवा त्याहून थोडा असतो. तेवढ्या वेळात शटर पूर्ण उघडे असले की झाले. ते आणखी किती वेळ उघडे राहिले याने फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. सूर्याच्या उजेडात मात्र पडतो, कारण तो सतत येतच असतो. भिंगाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान केले तर दोन्ही उजेड कमी होतात. म्हणून छिद्राने फ्लॅश बांधायचा आणि शटरने सूर्य बांधायचा. चेहरा एका लगामाला, आभाळ दुसऱ्या.

त्यावर एक मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचे शटर सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापेक्षा जलद चालवले तर फ्लॅश उडण्याच्या क्षणी ते पूर्ण उघडे नसते. आयएसओ १०० आणि स्वच्छ ऊन असेल तर अडीचशेव्या भागाला छिद्र एफ ११ लागते. एवढ्या बारीक छिद्रातून चेहरा उजळायचा तर छोटा फ्लॅश फार जवळ आणावा लागतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. वर छत्री लावून तो मऊ केला की आणखी घटतो. म्हणून उन्हातला सुटा फ्लॅश माणसापासून हातभर-दोन हातांवर असतो, आणि कोणीतरी तो धरून उभे असते, कारण आमच्याकडच्या वाऱ्यात छत्रीचा स्टँड एकटा टिकत नाही. चौकटीबाहेरचा तो पोरगा चित्रात दिसत नाही. त्याने छत्री किती जवळ आणली ते दिसते.

३

माणूस एका उजेडात आणि जागा दुसऱ्या उजेडात, ही रचना आपल्याकडे फ्लॅशच्या आधीपासून आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही त्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. त्याच वर्तुळातला विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांत माणसे मुंबईच्या मोकळ्या परिसरात उभी दिसतात. पण त्यांतली अनेक चित्रे जोडलेली आहेत: माणसे एकीकडे टिपली, देखावे दुसरीकडे, आणि मग दोन्ही एकत्र छापली.

त्या काळच्या ओल्या काचेच्या तंत्रात हे जोडकाम सोयीचे होते, आणि त्याबद्दल जॉन्सनला दोष देण्यात अर्थ नाही. पाहायचे ते हे, की जोड कुठे कळतो. तो उजेडात कळतो. आकृतीवरचा उजेड आणि मागच्या देखाव्यावरचा उजेड यांची ओळख नसते. माणूस जमिनीवर उभा आहे असे न वाटता ठेवलेला आहे असे वाटते. आणि अशा चित्राखाली जे लिहिलेले असते ते माणसाचे नाव नसते, जातीचे असते. दोन गोष्टींचा संबंध आहे असे मला वाटते. ज्याला नमुना म्हणून पाहायचे आहे त्याला कुठल्याही देखाव्यासमोर उभे करता येते. त्याची सावली कुठे पडते याची फिकीर लागत नाही.

विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या छायाचित्रकारांनी जागेचा प्रश्न उलट बाजूने सोडवला. अर्व्हिंग पेनने जगभर फिरताना तंबूचा स्टुडिओ सोबत नेला आणि माणसांना त्यांच्या गावातून काढून साध्या पडद्यापुढे, मंद नैसर्गिक उजेडात उभे केले. रिचर्ड ॲव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिमेतले खाणकामगार, भटके, मजूर यांना उघड्यावरच, पण सावलीत, पांढऱ्या कागदापुढे उभे केले. दोघांनीही जागा पुसली आणि ती पुसल्याचे लपवले नाही. हा प्रामाणिकपणा मोठा आहे. पण खाणकामगाराच्या मागून खाण गेली की उरतो तो चेहऱ्यावरचा कोळसा, आणि कोळसा मग एखाद्या रंगभूषेसारखा दिसू लागतो. आमच्या तालुक्यात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. तिथल्या माणसाच्या अंगावरची काजळी आणि मागचा खड्डा ही एकच गोष्ट आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या वादातला तिसरा पक्ष मला डच छायाचित्रकार रिनेके डाइक्स्ट्रा हिच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पोर्ट्रेटांत सापडतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने अमेरिका, पोलंड अशा निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवर पोहायला आलेल्या वयात येणाऱ्या मुलामुलींची चित्रे काढली: तिवईवरचा मोठा कॅमेरा, पूर्ण उभी आकृती, मागे समुद्र आणि आभाळ, दिवसाच्या उजेडात फ्लॅशचा उजेड मिसळलेला. पोलंडमधल्या कोवोब्झेग इथली हिरव्या पोहण्याच्या पोशाखातली मुलगी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. फ्लॅशमुळे ती मागच्या समुद्रापासून किंचित सुटून पुढे येते. तिचे अवघडलेले खांदे, ओले अंग, न सुचलेले हात सगळे स्पष्ट होते. पण समुद्र विझत नाही. तो तसाच राखाडी, तसाच थंड राहतो. मुलगी एकटी पडते, पण त्या समुद्रापुढे एकटी पडते. चित्राचे शीर्षकही तसेच आहे: गावाचे नाव आणि तारीख, २६ जुलै १९९२. जॉन्सनच्या चित्राखाली जात होती. इथे जागा आणि दिवस आहे. दोन उजेड एकमेकांना ओळखतात तेव्हा शीर्षक असे होते.

४

आता घराजवळ येतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांचे स्वस्त फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगर तालुक्याच्या स्टुडिओवाल्यापर्यंत पोहोचले. जे साधन एकेकाळी मुंबईच्या जाहिरात छायाचित्रकाराकडे असे, ते आज पारशिवनीच्या बाजारात गाळा असलेल्याकडे आहे. त्याचा मुख्य वापर होतो तो प्री-वेडिंगसाठी. पेंच नदीतल्या घोगऱ्याच्या खडकांवर, नवेगाव खैरीच्या जलाशयाकाठी, लग्नाच्या मोसमात अशी जोडपी दिसतात. मी काही वर्षे इथल्या स्टुडिओवाल्यांबरोबर बसून त्यांची कामे पाहतो आहे. त्यांतल्या एकाची दोन चित्रे इथे वाचतो. दोन्ही त्याच जलाशयाच्या काठावरची, त्याच फ्लॅशने आणि त्याच छत्रीने काढलेली.

पहिले चित्र जोडप्याचे. सूर्य त्यांच्या पाठीशी, फ्लॅश समोरून डावीकडे उंचावर. छायाचित्रकाराने आभाळाचा उजेड दोन स्टॉपने, म्हणजे चौथाईवर, खाली आणला आहे. दुपारी चारला काढलेले चित्र तिन्हीसांजेचे वाटते. पाणी गडद निळे, डोंगर काळे, आणि मध्ये दोन चेहरे दिवाणखान्यात असावेत तसे उजळ. चित्र देखणे आहे आणि काम सफाईचे आहे. पण जलाशय आता पडदा झाला. त्या जागी कुठलेही तळे असते तरी चालले असते, आणि गिऱ्हाइकालाही बहुधा तेच हवे होते: गावात काढलेला, पण गावाचा न दिसणारा फोटो. यात हसण्यासारखे काही नाही. जुन्या स्टुडिओत ताजमहालाच्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहणाऱ्या जोडप्यालाही तेच हवे असे. पडदा पूर्वी कापडाचा होता, आता शटरचा आहे. माझी तक्रार स्वप्नाबद्दल नाही. एकच स्वप्न सगळ्यांना विकले जाते याबद्दल आहे. मी पाहिलेल्या अशा अल्बमांपैकी बहुतेकांत आभाळ त्याच मापाने विझवलेले आहे. जून असो की डिसेंबर, चित्रात सदा एकच संध्याकाळ.

दुसरे चित्र एका ढिवराचे. भर दुपार, सूर्य जवळजवळ डोक्यावर. खांद्यावर ओले जाळे, डोक्याला दुपट्टा, मागे डोंगा आणि चकाकणारे पाणी. इथे आभाळ एकाच स्टॉपने खाली घेतले आहे. ऊन ऊनच राहिले, फक्त त्याची धग डोळ्यांना सोसवेल इतकी झाली. फ्लॅश चेहऱ्यापासून दोन हातांवर, वरच्या बाजूने, म्हणजे सूर्याच्याच दिशेला धरून. दुपट्ट्याखालची सावली उरली आहे, पण तिच्यात डोळे दिसतात. आणि अंतराचा नियम इथे आपोआप कामाला आला आहे: फ्लॅश चेहऱ्याला आणि छातीला पुरतो, खाली जाता जाता निवळतो. चेहऱ्यावर माणसाने आणलेला उजेड आहे, चिखलातल्या पायांवर सूर्याचा. दोन्हींच्या मधली सीमा शोधून सापडत नाही.

हे चित्र पूर्ण आकृतीचे का, असे मी छायाचित्रकाराला विचारले. तो म्हणाला, छातीपर्यंतचे घेत होतो, पण ढिवरभाऊंनी थांबवले. पाय कापू नका, आणि जाळे सगळे येऊ द्या. आणखी एक अट होती: "चेहरा काया नाई आला पायजे, भाऊ."

५

या शेवटच्या अटीपाशी थांबायला हवे, कारण सुशिक्षित समीक्षा इथे घाई करते. 'काळा येऊ नये' म्हणजे गोरेपणाचा हव्यास, असे म्हणून ती पुढे जाते. हव्यास आहे, नाही असे नाही. लग्नाच्या अल्बमांत नवरीच्या चेहऱ्यावर फ्लॅश वाढवून आणि नंतर संगणकावर त्वचा धुऊन काढून जे केले जाते, ते चेहऱ्याचा रंगच नव्हे तर त्याची घडणही पुसते. पण अटीत दुसरेही काही आहे. क्रिस्टोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या नागद्याजवळच्या गावाबद्दल 'कॅमेरा इंडिका' या १९९७च्या पुस्तकात लिहिले आहे, की त्याने सहज टिपलेली, सावल्यांची, अर्ध्या आकृतीची चित्रे गावकऱ्यांना आवडली नाहीत. त्यांना समोरून, पूर्ण, उजळ चित्र हवे होते. सावली त्यांना कलात्मक वाटली नाही, उणीव वाटली. आपण ज्याला छायाचित्र म्हणतो त्या शब्दात छाया आधी आहे. ज्याचे चित्र निघते त्याला मात्र ती नकोच असते.

मला यात हक्काची मागणी ऐकू येते. सावळा चेहरा छायाचित्रात नीट न येणे ही त्या चेहऱ्याची कमतरता कधीच नव्हती. कोडॅकच्या रंगीत छपाईचे प्रमाण ठरवायला अनेक दशके 'शर्ली कार्डे' वापरली जात. त्यांवरचा नमुना गोऱ्या बाईचा असे. कॅमेऱ्यातले प्रकाशमापकही समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते, त्यामुळे झगझगीत आभाळापुढचा सावळा चेहरा ते बुडवते. 'काळा येऊ नये' याचा अर्थ पुष्कळदा 'मी दिसलो पाहिजे' असा असतो. दिसणे आणि गोरे दिसणे यांत फरक करणे हे छायाचित्रकाराचे काम, आणि तो फरक एका स्टॉपचा असतो. ढिवराच्या चित्रात त्वचा तिच्याच रंगाची आहे. गालाच्या हाडावर घामाची चकाकी आहे, कपाळाच्या रेषा आहेत. उजेड दिला आहे, रंग घेतलेला नाही. जोडप्याच्या चित्रात उजेड दिला आणि बदल्यात दोघांचे रंग, दुपार आणि जलाशय काढून घेतले. दोन्हींत गिऱ्हाईक खूश आहे. समीक्षकाला तेवढ्यावर थांबता येत नाही.

६

सुट्या फ्लॅशविरुद्ध एक जुना आक्षेप आहे, की तो निसर्गात लुडबुड करतो; खरा छायाचित्रकार मिळेल त्या उजेडात काम करतो. मला हा आक्षेप पटत नाही. मिळेल तो उजेड सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्याला खिडकीजवळ बसायला वेळ आहे त्याला मऊ उजेड मिळतो. ज्याला नाही त्याला दुपार मिळते. दुपारच्या माणसाला डोळे परत देणारे साधन खोटे कसे म्हणावे? खोटेपणा साधनात नसून प्रमाणात असतो. एका स्टॉपवर तोच फ्लॅश सूर्याशी बोलतो, तीन स्टॉपवर सूर्याला गप्प करतो. कधी कधी गप्प करणेही योग्य असेल, पण ते का केले याचे उत्तर चित्रात मिळाले पाहिजे.

म्हणून उघड्यावरचे पोर्ट्रेट पाहताना मी आधी डोळ्यांतला ठिपका पाहतो. फ्लॅश बुबुळात आपला पांढरा ठसा सोडतो. तो किती मोठा आणि किती वर, यावरून छत्री कुठे होती ते कळते. मग पायांखालची सावली पाहतो, आणि चेहऱ्यावरचा उजेड तिच्याशी सहमत आहे का ते तपासतो. मग आभाळ पाहतो: दिवसाची कोणती वेळ आहे ते अजून सांगता येते का? या तीन खुणा कुठल्याही वाचकाला शिकता येतात, त्याला यंत्र लागत नाही. त्या वाचून झाल्यावरच चित्राखालची ओळ वाचावी. तिथे जात आहे, धंदा आहे, की एक जागा आणि एक दिवस आहे, हे मग निराळे कळते.

त्या ढिवराचे चित्र कुठल्या प्रदर्शनात गेलेले नाही. छायाचित्रकाराने ते बारा बाय अठराचे छापून, मढवून दिले. पाठीमागे पेन्सिलीने लिहिले होते: नवेगाव खैरी, आणि खाली तारीख.